पाचव्या दिवसाची आंघोळ

रीता शुक्रवारी येणार म्हणून मी मधल्या खोलीतली धानाची पोती पडवीत हलवली, भिंतींना चुना दिला आणि तिच्या आजीच्या मऊ झालेल्या लुगड्यांची बारा बाळुती करून उन्हात वाळवून ठेवली. बाराच का, ते विचारू नका. तेराव्यापुरतं कापड उरलं होतं, पण हात थांबला. माणूस फार गोळा करायला लागला की देवाला हसू येतं, असं आमचे केवळराम महाराज कीर्तनात सांगतात.

रीता माझी एकुलती एक. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते. जावई, मंगेशराव, फॅक्टरीत आहेत. लग्नाला पाच वर्षं झाली, पण या पाच वर्षांत पोर सलग आठ दिवस माहेरी राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी एक मूल पोटातच गेलं. तेव्हापासून डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. बोलता बोलता मागे फॅक्टरीची बस थांबल्याचा आवाज यायचा. मग रीता म्हणायची, "हे आले, ठेवते," आणि फोन बंद. त्या बसवर माझा राग होता. राग धरायला दुसरं काही नव्हतं.

आता आठवा संपून नववा लागला होता आणि डॉक्टरांनी एकदाचं जा म्हटलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. हे गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कोणाचं पाऊल वाजलं नव्हतं. मी दिवस मोजत होते असं म्हणणार नाही. दिवसच मला मोजत होते.

मी अंगणवाडी सेविका. गाव लाखनीच्या हायवेवरून आत, बोडीच्या काठाला. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, ज्यावर गावाचं धान पिकतं. अंगणवाडीत सव्वीस पोरं, मी आणि मदतनीस कुंताबाई. बावीस वर्षं झाली. पोरांना हात धुवायला मीच शिकवते, "आधी बोटांच्या मधे, मग नखात." आणि तरी जे झालं ते माझ्या हातून झालं. तेच सांगायचं आहे.

आमच्या गावात कांजण्यांना कोणी कांजण्या म्हणत नाही. पोराच्या अंगावर माता निघाली, म्हणजे ती पाहुणी आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते, घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. पाचव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालून तिची बोळवण करायची. आणि ही आंघोळ घालायचा मान आमच्या घराचा. का, तर या घरात माता कधी निघालीच नाही. माझ्या सासऱ्यांना नाही, सासूला नाही, यांना नाही, रीताला नाही, मलाही नाही. माता या घराला ओलांडून जाते, म्हणून तिला निरोप याच घरच्या हातानं. सासूबाई गेल्यावर तो मान माझ्याकडे आला, पण त्यानंतर सहा-सात वर्षं गावात माता निघाली नव्हती.

मग या फाल्गुनात सुलोचनाबाईंच्या नातवाला निघाली. मोनू, साडेतीन वर्षांचा. सुलोचनाबाई निरोप घेऊन आल्या, "गोदाबाई, बुधवारी पाचवा दिवस. याल ना?"

मी पहाटेच गेले. माझी ती पहिलीच आंघोळ. पाणी घालताना सासूबाई म्हणायच्या ती ओवी म्हटली आणि खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. पाठ पुसताना मला मोनूच्या पाठीवर, खुब्याच्या वर, दोन-तीन फोड दिसले. पाणी भरलेले, टिकलीएवढे. दिसले आणि मी त्यांच्यावरून बंडी खाली ओढली. माता उतरली म्हणजे उतरली.

"बाई, मी शाळेत येऊ?" मोनूनं विचारलं. पाच दिवस घरात कोंडलेलं पोर.

"चाल," मी म्हटलं, आणि त्याचं बोट धरून त्याला अंगणवाडीत घेऊन गेले. तो दिवसभर टीनाच्या शेजारी बसला. एकाच वाटीतून दोघांनी मुरमुरे खाल्ले. मी पाहत होते. मला ते फार गोड वाटलं.

त्याला बरोबर चौदा दिवस झाले. पुन्हा बुधवार आला, आणि सकाळी टीनाचे केस विंचरताना कुंताबाईनं मला हाक मारली.

"बाई, हे पहा बरं. मच्छर चावले काय?"

मच्छर नव्हते. टीनाच्या मानेवर, कानामागे, केसांत बारीक लाल पुरळ होतं आणि त्यातल्या एकावर पाण्याचा थेंब बसल्यासारखा फोड. बाकीच्या पोरांचे सदरे वर करून पाहिले, तर आणखी दोघांच्या पोटावर.

उपकेंद्रातल्या मेघा सिस्टर अर्ध्या तासात स्कूटीवर आल्या. तीन पोरांना त्यांच्या आयांसोबत घरी पाठवलं. चटया उन्हात टाकल्या. मग सिस्टर माझ्यासमोर बसल्या.

"याच्या आधी कोणाला झालं होतं?"

"मोनूला. पण त्याची आंघोळ झाली होती."

"आंघोळीचं नाही विचारत, बाई. फोड वाळले होते का सगळे?"

मी उठून उन्हातली चटई उलटी केली.

"शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पोराला बाहेर काढायचं नाही. पाच दिवस असोत की दहा. आणि लागण झाल्यावर दहाव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही निघतात. निघायच्या आधीच दोन दिवस दुसऱ्याला लागतात, म्हणून कळत नाही." त्यांनी वहीतून डोकं वर केलं. "गावात गरोदर कोण कोण आहे? ज्यांना लहानपणी होऊन गेल्या नाहीत त्यांना हे फार वाईट. बाळंतपणाच्या तोंडावर तर बाळाच्या जिवावर येतं. वजनाला त्यांना इथे बोलवू नका, मी घरी जाते. तुम्हाला झाल्या होत्या ना?"

"आमच्या घरात कोणालाच नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी जन्मभर मान ताठ करून म्हणत आले होते. त्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

कुंताबाई हसली. "मले झाली होती, सिस्टर. हे पहा, नाकावर मातेनं सही करून ठेवली हाये." तिच्या नाकाच्या शेंड्यावर खरोखरच एक खळगा आहे.

"मग तुम्ही कामाच्या," सिस्टर म्हणाल्या. "खिचडी तुम्ही दारोदार पोचवायची. ज्याचं त्याचं भांडं. गोदाबाई आजपासून कोणाच्या घरात जाणार नाहीत."

दुपारी मी रीताला फोन केला.

"आई, मी बॅग भरून राहिली. तो निळा गाउन घेऊ का? सैल हाये."

"रीता, शुक्रवारी येऊ नको."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते. मग म्हणाली, "काहून?"

"अंगणवाडीत माता निघाली. तीन पोरांले."

"मग मी कायले जाते अंगणवाडीत? मी तुझ्याजवळ, घरीच राहीन ना."

"मी जाते ना अंगणवाडीत, बेटा. मलेबी निघू शकते."

"आपल्या घरात निघतच नाही. तूच तर सांगत होती."

"सांगत होती."

तिचा आवाज बारीक झाला, सातवी-आठवीत असताना व्हायचा तसा. "आई, मले भेव वाटते. मागच्या वेळेसारखं झालं तं? सासूबाई हायेत, त्या करतीन सगळं. पन मले तू पाहिजे."

'ये' असं तोंडावर आलं होतं, ते मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं शुक्रवारची वाट पाहिली नसती, त्याच दिवशी निघून आली असती.

मागे बसचा आवाज आला. पहिल्या पाळीची बस. मी फोन बंद होण्याची वाट पाहिली. तिनं ठेवला नाही. बस थांबली, दरवाजे वाजले, बस निघून गेली. आम्ही दोघी तो आवाज ऐकत राहिलो.

त्या दिवशी एकादशी होती. मारुतीच्या देवळात दर एकादशीला केवळराम महाराजांचं कीर्तन होतं. महाराजांचं वय सत्तरच्या वर, स्वतः धान लावतात, रोवणीच्या दिवसांत पायाच्या नखात चिखल घेऊन उभे राहतात आणि पहिला अभंग घेतला की त्या चिखलाचंही सोनं वाटतं. मी एकही कीर्तन चुकवलेलं नाही. डाव्या खांबाजवळची जागा माझी, तिथं दुसरं कोणी बसत नाही. आणि माझ्या पुढे बसतात अंगणवाडीची पोरं, मांडीला मांडी लावून. शेवटी एका ताटलीतला बुक्का सगळ्यांच्या कपाळाला, आणि मग एकमेकांची गळाभेट.

मी दिवेलागणीच्या आधीच गेले आणि पायरीखाली उभी राहिले. महाराज टाळ काढत होते.

"या ना, गोदाबाई. पायरीवर रुसल्या काय?"

"महाराज, मी वर येत नाही. आज पोरांले पुढं बसवू नका. आन् बुक्का, गळाभेट, हे आज राहू द्या."

मग मी सगळं सांगितलं. मोनूच्या पाठीवरचे फोड आणि खाली ओढलेली बंडीसुद्धा. ते मी सिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. महाराजांनी उपरण्यानं चष्मा पुसला, परत पुसला.

"मले सांगून काय होते? ज्यायचे पोरं हायेत त्यायले सांगा."

"मी काय सांगू, महाराज, एवढ्या लोकांत?"

"बावीस वर्षं पोरायले बडबडगीतं शिकवली. आता त्यायच्या मायबापायले दोन शब्द सांगता येत नाही?"

पूर्वरंग संपला. महाराजांनी हात वर करून मृदंग थांबवला. "आता आख्यानाच्या आधी गोदाबाईले काही बोलायचं हाये. त्या वर येणार नाहीत. कायले, ते त्याच सांगतीन."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पायरीखालूनच बोलले. तीन पोरांना माता निघाली आहे, ही लागणारी बिमारी आहे, मोनूपासून सुरू झाली आणि आणखी पोरांना निघेल, हे सांगितलं.

बायकांच्या बाजूनं सुलोचनाबाई उठल्या. "गोदाबाई, मायच्या येण्याले तुमी बिमारी म्हणता? अन् मोनूचं नाव कायले घेता? तुमच्याच हातानं न्हाला ना तो?"

"माझ्याच हातानं," मी म्हटलं. "त्याच्या पाठीवर तीन फोड ओले होते. तुम्हाला दिसले नाहीत, मला दिसले. मी बंडी खाली ओढली. पोराचा दोष नाही, तुमचाही नाही. आपण मातेला पाहुणी म्हणतो ना? पाहुणी अजून पाटावरून उठली नव्हती आणि मी तिची पिशवी उचलून अंगणात ठेवली. घाई मी केली. तर आता एवढंच धरा, जोवर एकही फोड ओला आहे तोवर ती घरात बसलेली आहे. तिला घेऊन गावभर हिंडायचं नाही. कोणाच्या पोराच्या अंगावर काही दिसलं तर लपवू नका, कुंताबाईला सांगा. खिचडी दारात येईल. आणि ज्यांच्या घरी पोटुशी बाई आहे त्यांनी पोरं आपल्या अंगणात ठेवा."

थांबावं असं वाटलं. पण आणखी एक वाक्य तोंडात आलं होतं. "माझी रीता परवा येणार होती. मी तिला नको म्हटलं."

सुलोचनाबाई खाली बसल्या. महाराज पोरांकडे वळले. "चला रे, आज आपापल्या आईजवळ, लांब लांब बसा. देवाले लांबूनबी ऐकू येते."

शेवटी गळाभेट झाली नाही. लोकांनी जागेवरूनच हात जोडले. माझं कपाळ पहिल्यांदाच कोरं राहिलं. घरी येताना अंग दुखत होतं. वाटलं, चुना दिल्यानं दुखतं.

शुक्रवारी सकाळी, ज्या वेळी रीताची गाडी दारात लागायची होती त्या वेळी, मी आरशासमोर उभी राहून पोटावरचा पदर वर केला. सात होते. संध्याकाळपर्यंत मोजायचं सोडून दिलं. सिस्टरांनी गोळ्या दिल्या, मोठ्या माणसाला जास्त त्रास होतो म्हणाल्या. कुंताबाईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला आणि म्हणाली, "घ्या बाई, इतके दिवस ओलांडून जात होती, आता पाहुणी बरोबर घर पाहून आली." मला हसू आलं आणि ओठावरचा फोड ताणला.

शनिवारी मंगेशरावांचा फोन आला. सकाळीच कळा सुरू झाल्या, भंडाऱ्याला नेलं, अकराला मुलगी झाली. सव्वादोन किलो. दोघी ठीक. "आई, ऐका," ते म्हणाले, आणि फोन पुढे धरला. आधी कुठलीतरी बादली वाजली, कोणी नर्स रागावली, आणि मग नातीचा आवाज आला. मांजरीच्या पिलासारखा, पण जोर होता. ज्या खोलीत तो आवाज यायला हवा होता त्या खोलीत मी बसले होते, चुन्याचा वास येत होता, आणि मी फोन कानावर इतका दाबला की कानामागचा फोड फुटला.

आता शनिवारी जन्म म्हणजे बुधवारी पाचवी. त्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते. बाळाच्या आजीनं पूजा मांडायची असते. आणि माझा पाचवा दिवस मंगळवार.

सोमवारी रीतानं फोन केला. आवाज थकलेला, पण मोठा झालेला. "आई, उद्या तुझी आंघोळ ना? मग परवा पाचवीले ये. सासूबाईबी म्हणतात, आंघोळ झाली की झालं. आम्ही घरी आलो. हिचे कान तुझ्यासारखे हायेत, आई. तू ये अन् पाहा."

मी म्हटलं, "पाहू."

मंगळवारी पहाटे दार वाजलं. सुलोचनाबाई उभ्या होत्या, कडेवर कडुलिंबाच्या पाण्याची घागर. बुधवारनंतर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

"तुमच्या घरात आंघोळ घालणारं कोनी नाही," त्या म्हणाल्या. "मले लहानपनी होऊन गेली. बसा पाटावर."

मी बसले. पाणी कोमट होतं. ओवी त्यांना अर्धीच येत होती, उरलेली मी म्हटली. सुलोचनाबाईंचा हात जड, पण फोडांवरून फिरताना त्या जपून फिरवत होत्या.

"उतरली हो माय," शेवटचा तांब्या ओतून त्या म्हणाल्या. "उद्या नऊच्या एसटीनं जा. पिशवी भरा. मी फाट्यापर्यंत येते."

पिशवी भरलेलीच होती. बाळुती धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवून कुंताबाईनं तिच्या घरी ठेवली होती. मला फक्त चपला घालायच्या होत्या.

मी पाटावरून उठले नाही. "सुलोचनाबाई, पाठ पाहा. नीट पाहा आणि खरं सांगा."

पाणी केसांतून गळत राहिलं. मग त्या म्हणाल्या, "वाळले सगळे."

"सुलोचनाबाई."

"आता काय सांगू, बाप्पा." त्यांनी घागर खाली ठेवली. "तीन ओले हायेत. बारीक. लुगड्याखाली कोनाले दिसते?"

"मोनूच्याही बंडीखाली कोणाला दिसत नव्हते."

त्या माझ्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, पाटाकडे पाहत राहिल्या. "नात हाये तुमची. पाचवी एकदाच येते."

"एकदाच येते," मी म्हटलं. "पोरीचं पहिलं पोटातच गेलं, हे दुसऱ्यांदा हाती आलं, सुलोचनाबाई. पाचवी मंगेशरावांची आई मांडील. सटवाईला माझी गरज नाही, ती लिहायचं ते लिहील. मी फक्त तिच्या लिहिण्यात हात घालायचा नाही."

हे मी म्हटलं खरं. पण बुधवारी नऊ वाजता फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते, आणि खांब सोडला नाही. गाडी निघून गेली. हायवेवर तिचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळला तरी मला तो वेगळा ऐकू येत होता.

तीन फोड ओले आहेत, येत नाही, हे मी रीताला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. दहा वाजता तिनं फोन लावून पाळण्याजवळ ठेवला. रागावली होती की नाही कळलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हण."

मी अंगाई म्हटली. कोणाची नाही, तिथल्या तिथे सुचेल तशी.

दोरी तुझी लांब गं बाई, बोडीच्या गं काठी,
आजी ओढे इथून, झोका पोचे तुझ्यासाठी.

कुंपणाबाहेर सुलोचनाबाई उभ्या होत्या, त्यांनी हलकेच टाळी धरली. त्यांच्यामागे मोनू होता. तो टाळी वाजवता वाजवता म्हणाला, "बाई, शाळा कवा उघडते?" सुलोचनाबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. फोनमधलं बाळाचं रडणं थांबलं होतं, किंवा रीतानं त्याला पदराखाली घेतलं होतं.

"आई," रीता म्हणाली, "ओले फोड किती राहिले?"

"काल तीन होते."

"आज?"

"पाठ आहे, बेटा. मला दिसत नाही."

सुलोचनाबाई कुंपणातून आत आल्या. मोनूला मात्र बाहेरच उभं केलं. पदर बाजूला केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, फोनमध्ये जावं म्हणून, "दोन."

गुरुवारी पहाटे, अजून बोडीवर धुकं होतं तेव्हा, त्या पुन्हा आल्या. हातात कंदील नव्हता, तरी थेट माझ्या मागे येऊन बसल्या. मी पाठ उजेडाकडे, त्यांच्याकडे केली आणि केस पुढे घेतले.

"सांगा," मी म्हटलं.